कागद कापताना कोपरे काळे, मधेच जाळ: एकच त्रास तीनदा आला आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं

घरच्या छोट्या लेझरवर पत्रिका, कंदील, जाळीची कार्डं कापणाऱ्यांसाठी लिहून राहिली, कारण "ताई, कोपरे जळून राहिले, पॉवर किती ठेवू" हे मला सारखं कोणी ना कोणी विचारतेच आणि मी स्वतः तोच प्रश्न दीड महिना डोक्यात घेऊन फिरली आहे. उत्तर पॉवरमध्ये नाहीये. म्हणजे थोडंसं आहे, पण पॉवर कमी करत करत शेवटी अशी वेळ येते की कागद कापलाही जात नाही आणि कोपरा तरी काळाच, आणि मग आपण मशीनला शिव्या घालतो.

माझं मशीन साधं, उघड्या फ्रेमचं, निळ्या डायोडचं, खरी पॉवर १० वॉट. (जाहिरातीत चाळीस, साठ वॉट असं मोठ्ठ्या अक्षरात असते ते मशीन वीज किती खाते त्याचं असते, बाहेर पडणारा लेझर किती ते खाली बारीक अक्षरात. कोणाला सेटिंग विचारताना हा आकडा आधी सांगा, नाहीतर सगळा गोंधळ.) नागपुरात मानेवाड्याला घराच्या मागच्या खोलीत ठेवलं आहे. कागद इतवारीतून आणते, जास्त करून २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २५० ग्रॅम) कार्डपेपर.

पहिल्यांदा त्रास आला तो मे महिन्यात. दीडशे पत्रिकांची ऑर्डर, त्यावर दीक्षाभूमीचा स्तूप आणि भोवती बारीक जाळी, दोन-दोन मिलिमीटरचे चौकोन. घुमटाची मोठी गोल रेघ एकदम स्वच्छ निघायची, आणि जाळीचा प्रत्येक कोपरा तपकिरी, काही ठिकाणी तर विडीने चटका दिल्यासारखा. मी स्पीड वाढवला, ३००० मिलिमीटर पर मिनिट केला, मग ६०००. काहीच फरक नाही. हेच मला कळत नव्हतं, की स्पीड दुप्पट केला तरी जळणं तेवढंच काऊन?

भाच्याने कागदावर हिशोब करून दाखवला तेव्हा टकुऱ्यात शिरलं. हेड, म्हणजे लेझर घेऊन फिरणारा भाग, प्रत्येक कोपऱ्यावर जवळजवळ थांबते आणि पुन्हा पळायला लागते. माझ्या मशीनचं ॲक्सेलरेशन ५०० मिलिमीटर पर सेकंद वर्ग आहे. दोन मिलिमीटरच्या रेघेत अर्धं अंतर वेग पकडण्यात जाते, अर्धं ब्रेक मारण्यात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये जास्तीत जास्त वेग येतो सेकंदाला साधारण ३२ मिलिमीटर, मिनिटाचा केला तर १९००. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये ६००० टाका की साठ हजार टाका, त्या जाळीत मशीन १९०० च्या वर जाऊच शकत नाही. आणि कोपऱ्यावर तर शून्याजवळ. घुमटावर मात्र लांब रस्ता मिळतो म्हणून तिथे बरोबर पळते, म्हणून तिथे स्वच्छ. ट्रॅफिकमध्ये बुलेट असो की लुना, सीताबर्डीवर दोघंही सारखीच चालतात, तसं.

मग कोपऱ्यावर हेड हळू झालं तर लेझरही तेवढाच कमी व्हायला पाहिजे ना? व्हायला पाहिजे, आणि जीआरबीएलमध्ये, म्हणजे मशीनच्या आत बसून ते चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये (फर्मवेअर), त्याची सोय आहे, दोन वेगळे हुकूम आहेत. एम ३ म्हणजे पॉवर एकसारखी, हेड पळो की थांबो. एम ४ म्हणजे हेडच्या खऱ्या वेगाप्रमाणे पॉवर खालीवर होते, हेड थांबलं की लेझर बंद. कागदाला एम ४ च पाहिजे. मी लाइटबर्नमध्ये (लॅपटॉपवरचं कापायचं सॉफ्टवेअर) मशीन जोडताना यादीतून चुकून जीआरबीएल एम ३ वालं प्रोफाइल निवडलं होतं (ते जुन्या फर्मवेअरसाठी असते), आणि दीड महिना पॉवर-पॉवर करत बसली. तुम्ही आधी हेच तपासा: प्रोफाइल साधं जीआरबीएल पाहिजे, कट सेटिंगमध्ये कॉन्स्टंट पॉवर बंद पाहिजे, आणि कन्सोलमध्ये (सॉफ्टवेअरमधली हुकूम टाइप करायची खिडकी) दोनदा डॉलरचं चिन्ह टाकून एंटर मारलं की जी यादी येते त्यात ३२ नंबरसमोर १ पाहिजे, तो लेझर मोड. तिथे ० असेल तर एम ४ चा हा फायदा मिळत नाही. त्याच यादीत ३० नंबर पण पाहून घ्या, तो आकडा आणि सॉफ्टवेअरमधला एस व्हॅल्यू मॅक्स (म्हणजे १०० टक्के पॉवरचा आकडा) सारखा पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ४० टक्के आणि मशीन देईल भलतंच.

आणि हो, स्पीडचं युनिट. मिलिमीटर पर सेकंद आणि पर मिनिट यात साठपट फरक आहे, यूट्यूबवर कोणी २५ म्हणते ते सेकंदाचे असतात आणि आपण मिनिटाच्या खान्यात २५ टाकतो, मग हेड गोगलगायीसारखं सरकते आणि कागद पेटणारच. हसू नका, मी केलं आहे.

एम ४ लावल्यावर कोपरे गोरे झाले, पण आता कोपरे कापलेच जाईनात, जाळीचे तुकडे एका टोकाला लटकून राहायचे. कारण वेग कमी झाला की पॉवर इतकी खाली जाते की कागद नुसता पिवळा होतो. इथे बरेच जण परत एम ३ कडे जातात, तसं करू नका, स्पीडच कमी करा. १२०० ला हेडला पूर्ण वेग पकडायला फक्त ०.४ मिलिमीटर लागते, ६००० ला पूर्ण १० मिलिमीटर लागतात. म्हणजे बारीक जाळीत १२०० ठेवला तर बहुतेक रेघ सारख्या वेगाने आणि सारख्या पॉवरने कापली जाते. माझ्याकडे २५० जीएसएमच्या पांढऱ्या कार्डला जाळीसाठी १२०० आणि ३५ टक्के, बाहेरच्या मोठ्या रेघेला २४०० आणि ६० टक्के, असे दोन वेगळे लेयर केले. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका, तुमच्याच कागदाच्या तुकड्यावर लाइटबर्नचं मटेरियल टेस्ट चालवा, पाच मिनिटांचं काम आहे. काळा, लाल कागद निळा लेझर पटकन पितो, पांढरा आणि निळा बराच परत फेकतो, म्हणून एकाच जाडीच्या दोन रंगांना एकच सेटिंग चालत नाही.

आता जाळाची गोष्ट. ही कोपरे सुधारायच्या आधीची आहे, तेव्हा एम ३ च चालू होतं.

मे मधली दुपार, बाहेर ४५ च्या वर, कुलरशिवाय त्या खोलीत माणूसही टिकत नाही आणि डायोडही नाही (डायोड तापला की त्याची पॉवर उतरते, दुपारी न कापणारा कागद रात्री दहाला त्याच सेटिंगवर आरामात कापला जायचा). कुलर, लॅपटॉप, मशीन सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. कुकर बंद करायला मी उठली, खरंच अर्धं मिनिट. तेवढ्यात बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कुलर फुल केला आणि त्याचं तोंड मशीनकडे फिरवलं. मोटरचा झटका बसला की यूएसबीचं कनेक्शन तुटायचं, हे मला नंतर कळलं. कनेक्शन तुटलं, हेड जागच्या जागी उभं, आणि एम ३ असल्यामुळे लेझर चालूच. एकाच ठिकाणी. वरून कुलरचा वारा. वास आला म्हणून धावत आली तर वीतभर जाळ, आणि मी काय केलं, तर फुंकर मारली. वाढदिवसाच्या केकसारखी. जाळ आडवा होऊन बाजूच्या कागदाला लागला. मग बटण बंद केलं, ओलं फडकं टाकलं, संपलं. नुकसान म्हणाल तर सहा पत्रिका, एक बेल्ट आणि माझी झोप. बाबा बिचारे दारात उभे, म्हणे, "मले वाटलं तुले गरम होऊन राहिलं असन."

तेव्हापासून कुलर वेगळ्या प्लगवर, मशीन वेगळ्या. यूएसबी केबल छोटी आणि जाड. लॅपटॉपचं स्लीप बंद, कारण मधेच लॅपटॉप झोपला तरी असंच होते. कुलरचं तोंड मशीनकडे नाही, पण कुलर खिडकीत राहू द्या, त्याचा उलट फायदाच होतो: कुलर खोलीत हवा ढकलते, समोरच्या खिडकीतून एक्झॉस्टचा पाइप बाहेर काढला की धूर आपोआप तिकडे पळते. फक्त वाऱ्याचा झोत कागदावर येता कामा नये. येतो की नाही ते पाहायला उदबत्ती लावून मशीनच्या बेडजवळ, म्हणजे कागद ठेवतो तिथे, धरा, धुराची रेघ सरळ वर गेली पाहिजे किंवा एक्झॉस्टकडे वाकली पाहिजे, फडफडली तर काहीतरी चुकून राहिलं.

जाळ लागलाच तर क्रम लक्षात ठेवा: आधी मशीनची वीज बंद, मग झाकायचं. मी मशीनशेजारी पाण्यात पिळलेलं जाड सुती फडकं स्टीलच्या ताटात ठेवते, कागदाच्या छोट्या जाळाला तेवढं पुरते. फायर एक्स्टिंग्विशर घ्यायचा तर कार्बन डायऑक्साइडवाला बरा, पावडरवाला आग विझवते पण पावडर लेन्समध्ये, बेअरिंगमध्ये, सगळीकडे जाते आणि मशीन बहुतेक कामातून जाते. तरी दुसरा काहीच नसेल तर पावडरवालाच मारा, मशीन नवीन येईल. बंद पेटीचं मशीन असेल तर झाकण धाडकन उघडू नका, ताजी हवा मिळाली की जाळ उसळतो. आवाक्याबाहेर गेलं तर बाहेर पडून १०१ किंवा ११२. आणि ज्यांच्या मशीनमध्ये फ्लेम सेन्सर (जाळ ओळखून वाजणारा) आहे त्यांनी त्याच्या भरवशावर अंघोळीला जाऊ नये, पातळ कागद तो वाजेपर्यंत अर्धा संपलेला असतो.

एअर असिस्टबद्दल, म्हणजे कापतो तिथे हवा सोडणाऱ्या पंपाबद्दल, सगळे म्हणतात लावा, मी पण म्हणते, पण कागदाला मंद. पंप फुल सोडला की २५० जीएसएम सुद्धा थरथरते आणि सुटलेला तुकडा उडून बीममध्ये येते. एकदम बंद केला तर धूर तिथेच घुटमळून रेघेच्या दोन्ही बाजूला पिवळा पट्टा पडते, शिवाय लेन्स चिकट होते. चिकट लेन्स म्हणजे पॉवर कमी, म्हणून आपण टक्के वाढवतो, म्हणजे धूर अजून जास्त. हवा वरून असेल तर धूर फटीतून खाली जातो आणि डाग मागच्या बाजूला पडतो. मला पत्रिकेची समोरची बाजू स्वच्छ पाहिजे म्हणून मी मंद हवा ठेवते आणि मागे थोडा डाग पडला तर चालवून घेते, मागून अस्तराचा कागद लागतोच.

दुसऱ्यांदा तोच त्रास जुलैत. सेटिंग तीच, मशीन तेच, आणि अर्धी शीट कापलेली, अर्धी नुसती तपकिरी. कोपरे नाही, आख्खी रेघच. मी परत एम ३, एम ४ पाहत बसली, सगळं बरोबर होतं. मग डोळा टेबलाच्या उंचीवर आणून कागद आडवा पाहिला तर मधे टेकाड. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि पापडासारखा वाकतो. डायोडचा फोकस फिक्स असतो, कागद दोन-तीन मिलिमीटर वर आला की ठिपका पसरट होतो, पसरट ठिपक्याने कापलं जात नाही, नुसतं भाजलं जाते. मग आपण पॉवर वाढवतो, आणि पसरट ठिपका अधिक जास्त पॉवर म्हणजे जाळाचं आमंत्रण. आता कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात, वरून वजन, आणि कापताना चारही बाजूंनी मॅग्नेट. मॅग्नेट चपटेच घ्या, उंच असले की हेड त्यांना धडकते. आणि मेमध्ये कुलरसमोर कागद उघडा ठेवला तरी हेच होते बरं का, ओल पावसाचीच असावी लागत नाही.

मागच्या बाजूला षटकोनी चट्टे येत असतील तर ते हनिकॉम्बवरून (कागदाखालची पोळ्यासारखी धातूची जाळी) परत फिरलेल्या लेझरचे. खाली काहीतरी घालायला पाहिजे. मी आधी खोक्याचा नालीदार पुठ्ठा घातला, आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक, जाळापेक्षा मोठी, कारण जाळ निदान दिसतो. नालीदार पुठ्ठ्याच्या पोकळीत ठिणगी जाऊन बसते आणि गुपचूप धुमसते. काम संपलं, पुठ्ठा प्लास्टिकच्या डस्टबिनमध्ये टाकला, वीस-पंचवीस मिनिटांनी डस्टबिनमधून धूर. बाप्पा! तेव्हा घरात झोपलेलं असतं कोणी तर? आता कापून उरलेलं सगळं, पुठ्ठा असो की कतरण, पत्र्याच्या बादलीत पाणी शिंपडून, आणि बादली अंगणात. खाली घालायला आता सपाट ग्रे बोर्ड वापरते, आणि तोही चार-पाच शीटनंतर बदलते, कारण जुन्या रेघांमध्ये साचलेली काजळी नव्या कागदाला लागते.

तिसऱ्यांदा दिवाळीआधी, आकाशकंदिलाच्या वेळी. यावेळी कोपरे नाही, रेघ नाही, तर मधेच कुठेतरी, कधी दहाव्या शीटला कधी तिसऱ्याला, खालून चटका. याचं कारण शोधायला काहीच अक्कल लागली नाही, हनिकॉम्ब उचलला तर खाली मुठीएवढा ढीग: चांदण्या, करंज्या, टिकल्या, सगळे बारीक वाळके तुकडे. शेकोटीला चिपाड रचून ठेवावं तसं आपणच रचून ठेवलेलं. कंदिलाच्या एका शीटला माझ्याकडे तीनशेच्या वर भोकं असतात, हिशोब करा. आता दर पाच शीटला ब्रश मारते. कापायचा क्रम आतून बाहेर ठेवा, बाहेरची रेघ आधी कापली तर शीट सुटून हलते आणि आतली जाळी तिरपी जाते. मोठ्या तुकड्यांना दोन ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरचे टॅब (न कापलेले जोड) सोडते म्हणजे ते उडत नाहीत, नंतर बोटाने दाबून पाडायचे. संध्याकाळी टीव्ही पाहता पाहता पोट्ट्यांना बसवते या कामाला, आवडते त्यांना.

पोट्ट्यांवरून आठवलं. मशीन चालू असताना त्या खोलीत पोट्टे नाही, मांजर नाही, "जरा पाहू दे" म्हणणारी शेजारीण पण नाही. उघड्या फ्रेमचा १० वॉटचा डायोड हा क्लास ४ आहे, सरळ बीम सोडा, चमकदार गोष्टीवरून उडालेला झोतही डोळ्याचा पडदा जाळू शकतो आणि आपण पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असते. माझा निळा डायोड साधारण ४५० नॅनोमीटरचा, त्याला नारिंगी चष्मा, त्यावर ही रेंज आणि ओडी (चष्मा किती लेझर अडवतो तो आकडा) ५ किंवा ६ असं छापलेलं पाहिजे. काहीच छापलेलं नसेल तर तो गॉगल आहे, चष्मा नाही. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या, मशीनचा लेझर १०,६०० नॅनोमीटरचा, दिसतही नाही, त्याचा चष्मा वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आणि आयफोनने बीमचं रील काढू नका, कॅमेऱ्याचा सेन्सर कामातून जाऊ शकतो.

ग्राहक कधीकधी आपला कागद आणून देतात, "याच्यावरच कापून द्या". लॅमिनेशन असेल, प्लास्टिकची चमक असेल, रेक्झिनसारखं काही चिकटवलं असेल तर मी सरळ नाही म्हणते. त्यात पीव्हीसी असेल तर लेझरने हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटतो, आधी छातीत जातो आणि मग मशीनच्या लोखंडाला गंज चढवतो. ओळखायचं असेल तर मोकळ्या हवेत तांब्याची तार तापवून त्या प्लास्टिकला टेकवायची आणि तार परत ज्योतीत धरायची, ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, हात लावू नका. धूर कागदाचाही चांगला नसतोच, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, धूर बाहेरच गेला पाहिजे.

कोरायचं, म्हणजे नुसती अक्षरं उमटवायची असतील तर वरचं सगळं लागू आहे, फक्त पॉवर फारच कमी आणि ओव्हरस्कॅन चालू, म्हणजे हेड अक्षराच्या बाहेर जाऊन वळते आणि कडा गडद पडत नाहीत. आत पांढरा आणि वर रंग दिलेला कार्ड असेल तर वरचा थर उडून पांढरी अक्षरं येतात, फार सुंदर दिसतात. आतपर्यंत एकच रंग असेल तर फक्त भाजल्यासारखी येतात, ग्राहकाला आधीच नमुना दाखवा.

बारीक पिवळेपणा राहिला तर मऊ खोडरबर हलक्या हाताने, एकाच दिशेने. हातकागदावर खोडरबर नाही, त्याचे धागे निघतात, आणि मास्किंग टेप तर त्यावर लावूच नका, टेप काढताना नावासकट निघून येते.

एक अजून सुटलेलं नाही. तो सोनेरी शिमरवाला कार्ड, ज्याची सध्या सगळ्यांना हौस आहे, त्याच्या कडेला एम ४, मंद हवा, सपाट बेड सगळं करूनही करडी किनार येतेच, एका शीटला कमी, दुसऱ्या शीटला जास्त. मागून कापून पाहिलं, उलटं डिझाइन करून, थोडं बरं आहे, पूर्ण नाही. सध्या त्या पेपरचे कंदील मी कैचीने कापून राहिली.